चौकटीत मूल किती, वावर किती

घराबाहेर, उघड्यावर काढलेल्या लहान मुलाच्या फोटोत किती ठेवायचे आणि किती कातरायचे, हा या पुस्तिकेचा विषय आहे. विषय छोटा दिसतो. मोबाइलवर बोटाने दोन कडा आत ओढल्या की काम झाले, असे कोणालाही वाटेल. पण त्या कडांबाहेर जे जाते ते पुन्हा कोणी पाहत नाही. मूल मोठे होते, घर बदलते, वावर विकले जाते, आणि त्या दिवसाची साक्ष म्हणून फक्त चौकटीतले उरते. यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न अधिक जड आहे, कारण इथल्या मुलांचे चेहरे गेल्या वीस वर्षांत बाहेरच्यांनी पाहिले ते बहुतेक एकाच प्रसंगाच्या निमित्ताने आणि एकाच पद्धतीच्या चौकटीत. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडून ठेवणे बरे: मुलाचा बाहेर काढलेला फोटो कातरताना त्याची उंची कळेल आणि ते कुठे उभे आहे हे ओळखू येईल, इतकी जागा राखावी. त्याहून जवळ जायचे असेल तर त्याला कारण हवे, आणि ते कारण पाहणाऱ्याच्या सोयीचे नसून मुलाच्या बाजूचे हवे. हे म्हणणे कशावर उभे आहे आणि त्यावर कोणते आक्षेप येतात, ते या प्रस्तावनेत पाहू.

आधी शरीराचा हिशेब. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. सहाव्या वर्षाच्या आसपास ते सहाव्या हिश्शावर येते, आणि पूर्ण वाढलेल्या माणसात साडेसातव्या ते आठव्या हिश्शावर. समोरचे माणूस लहान आहे हे आपल्याला नुसत्या चेहऱ्यावरून कळत नाही. डोके आणि धड यांच्या प्रमाणावरून, आखूड हातापायांवरून, उभे राहण्याच्या ढबीवरूनही कळते. चौकट कपाळापासून हनुवटीपर्यंत आणली की ही सगळी प्रमाणे निघून जातात. चार वर्षांच्या मुलीचा आणि चाळीस वर्षांच्या बाईचा चेहरा पानभर छापला की कागदावर दोन्ही सारख्याच आकाराचे होतात. मग गंभीर मूल आहे त्याहून मोठे, सोसलेले, समंजस वाटू लागते. भावाचेही तसेच होते. यवतमाळात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. दुपारचे ऊन माथ्यावरून पडते, भुवयांखाली काळी सावली धरते, आणि मूल डोळे बारीक करून कपाळाला आठ्या घालते. पूर्ण फोटोत तापलेली जमीन आणि पायाशी आखडलेली सावली दिसते, म्हणून आठ्यांचे कारण कळते. फक्त चेहरा ठेवला की तेच मूल दुःखी दिसते. ते दुःख मुलाचे नसते. कातरणाऱ्याने ते नकळत त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले असते.

उंची हा पुरावा असतो हे अमेरिकन छायाचित्रकार लुईस हाइन यांनी फार नेमकेपणाने ओळखले होते. १९०८ पासून ते तिथल्या राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी गिरण्या, खाणी आणि शेते पालथी घालत होते. नोव्हेंबर १९०८ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या लँकेस्टरच्या कापूस गिरणीत त्यांनी सेडी फायफर या मुलीचा फोटो काढला. चात्यांच्या लांबच लांब यंत्राशेजारी ती उभी आहे, आणि फोटोच्या नोंदीत हाइन यांनी तिची उंची लिहून ठेवली: ४८ इंच. मुलांची उंची ते आपल्या कोटाच्या गुंड्यांशी ताडून पाहत. मुलांचे वय वाढवून सांगितले जाई, जन्माचे दाखले हाताशी नसत. पण यंत्राशेजारी उभ्या राहिलेल्या मुलीचे वय कोणालाही खोटे ठरवता येत नसे. पुढे टेक्सास आणि ओक्लाहोमातल्या कापसाच्या शेतांवर, उघड्या आभाळाखाली काढलेल्या फोटोंतही त्यांनी झाड, पिशवी आणि मूल ही तिन्ही एकत्र ठेवली. सेडीचा फोटो तिच्या चेहऱ्यापर्यंत कातरला असता तर एका मुलीचा सुंदर फोटो हाती राहिला असता आणि गिरणी सुटली असती. अमेरिकेत बालमजुरीला टिकाऊ कायद्याने आळा बसायला १९३८ साल उजाडले. त्या लांबलेल्या लढ्यात हाइन यांची छायाचित्रे पुरावा म्हणून लोकांसमोर राहिली, ती त्यांनी राखलेल्या या जागेमुळे.

४८ इंच म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटर. सात वर्षांच्या मुलाची सरासरी उंची जवळपास एवढीच असते. असे मूल आता राळेगाव, कळंब किंवा घाटंजी तालुक्यातल्या वावरात आहे असे धरा. चांगल्या काळ्या जमिनीत पऱ्हाटी चार-पाच फूट वाढते. दिवाळीच्या सुट्टीत वेचणीला निघालेल्या आईमागे मूल ओळीत शिरले की फुटलेली बोंडे त्याच्या कपाळाशी येतात. गुडघ्यापासून वर काढलेल्या फोटोत हे सगळे एका नजरेत दिसते. खांद्यापासून वर काढलेल्या फोटोत मागे फक्त पांढरे ठिपके राहतात, आणि ते कापूस आहेत की आणखी काही, हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुले नटूनथटून चाकांचे लाकडी बैल ओढत आणतात आणि घरोघरी बोजारा मागतात. त्या दिवशीचा फोटो छातीपर्यंत कातरला तर फेटा राहतो आणि बैल जातो. दोरी धरलेली मूठ खालच्या कडेत शिरते आणि मूल कशासाठी इतके ताठ उभे आहे हे कळत नाही. झरी-जामणी किंवा केळापूर तालुक्यातल्या एखाद्या कोलाम पोडावर कुडाच्या घराचे दार किती ठेंगणे आहे, हे दाराशी उभ्या मुलावरून कळते, आणि मूल किती लहान आहे हे दारावरून. दोघे एकमेकांचे माप सांगतात. म्हणून परिसर हा मुलाच्या फोटोतला फाजील भाग नाही. मुलाच्या वर्णनाचा तो अर्धा हिस्सा आहे.

याच जिल्ह्याच्या अनुभवाने हा मुद्दा धारदार केला आहे. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. यवतमाळ त्या सहांत होता. त्या काळात आणि नंतर कितीतरी कॅमेरे इथल्या गावांत येऊन गेले. हार घातलेली तसबीर, शेजारी आई आणि आईला टेकलेले मूल, ही मांडणी हळूहळू ठरून गेली. त्यातही छापताना चौकट आवळत मुलाच्या डोळ्यांवर येऊन थांबे. हेतू चांगलाच होता. दूरच्या वाचकाला हलवायचे तर डोळे हवेत, हा हिशेब सगळ्या वृत्तपत्रांत चालतो. पण आवळलेल्या चौकटीतून कोरडवाहू वावर गेले, न चाललेली विहीर गेली, शाळेचे दप्तर गेले, ते मूल पंधरा मिनिटांपूर्वी ज्या सवंगड्यांबरोबर खेळत होते ते गेले. उरले ते कोणत्याही गावाचे, कोणत्याही वर्षाचे डोळे. आत्महत्येमागे कर्ज, पाऊस, बियाणे, भाव असे जे गुंतलेले असते त्याकडे जाणारा रस्ता फोटोतून नाहीसा झाला आणि मूल फक्त कणव मागायला उभे केल्यासारखे झाले.

ही गोष्ट इथेच घडली असे नाही. १९३६ च्या मार्चमध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे आणि तिच्या मुलांचे मोजके फोटो काढले. पहिल्यात उघडा तंबू, सामान, आजूबाजूचे रान दिसते; पुढे पुढे कॅमेरा जवळ जातो. जगाने लक्षात ठेवला तो सर्वांत जवळचा, ज्यात दोन मुलांनी तोंडे फिरवली आहेत आणि आईचा हात गालाशी आहे. या फोटोंमुळे तळावर अन्नाची मदत पोचली, हे त्यांचे श्रेय. पण त्या बाईचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे लोकांना कळायला १९७८ उजाडले. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत स्टीव्ह मकरी यांनी टिपलेला अफगाण मुलीचा चेहरा ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या जून १९८५ च्या मुखपृष्ठावर आला आणि घरोघरी पोचला. तिचे नाव शरबत गुला, हे कळले २००२ मध्ये. दोन्ही फोटो थोर आहेत, यात वाद नाही. पण चौकट जितकी आवळत जाते तितके माणूस प्रतीक होण्याच्या जवळ जाते, आणि प्रतीकाचे नाव विचारायचे कोणाला सुचत नाही, हे दोन्हींवरून दिसते. मोठ्या माणसाला याबद्दल पुढे कधी तरी बोलता येते; थॉम्पसन यांनी तशी नाराजी बोलूनही दाखवली. सात वर्षांच्या मुलाजवळ तो उपाय नसतो.

इथे एक आक्षेप दुसऱ्या टोकाकडून येतो: मग कातरूच नये. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यभर हाच आग्रह धरला, की चौकट बटण दाबण्याच्या क्षणीच पूर्ण झाली पाहिजे. पण १९३२ मधला पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा सर्वांत गाजलेला फोटो कातरलेलाच आहे. फळ्यांच्या फटीतून काढताना एका बाजूला कुंपण आले होते, ते काढावे लागले. ८ जून १९७२ रोजी व्हिएतनाममधल्या ट्रांग बांगच्या रस्त्यावर नापामने भाजलेली नऊ वर्षांची किम फुक धावत येते, तो फोटोही वृत्तपत्रांत बहुतेक कातरून छापला गेला. पूर्ण चौकटीत उजव्या बाजूला आपल्या कॅमेऱ्यात फिल्म भरण्यात गुंतलेला एक लष्करी वेशातला छायाचित्रकार आहे. तो गेल्यावर नजर थेट मुलांवर जाते आणि आकांत अंगावर येतो. तो असताना आकांताशेजारी चाललेले नित्याचे कामही दिसते. पहिल्या चौकटीला खोटे म्हणता येणार नाही, पण दोन्हींचा अर्थ एक नाही. तात्पर्य एवढेच, की कातरणे हा निर्णय आहे आणि निर्णयाला कारण द्यावे लागते. कातरण्यावर सरसकट बंदी घालणे ही कारण देण्याच्या जबाबदारीतून सुटका आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप चेहऱ्याच्या बाजूने येतो. मुलाचे मन चेहऱ्यावर असते. आईबापांना चेहरा हवा असतो. आणि आज फोटो पाहिला जातो तो तळहाताएवढ्या पडद्यावर, जिथे वावरात उभे असलेले मूल बोटाच्या पेराएवढे दिसते. यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे, आणि जवळच्या चौकटीला तिची जागा आहे. पी. साईनाथ यांनी उभारलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात देशातल्या प्रत्येक जिल्ह्यातले चेहरे गोळा करण्याचा एक प्रकल्प आहे. तिथे चौकट जवळची असली तरी माणूस निनावी होत नाही, कारण फोटोसोबत त्याची ओळख आणि त्याचा मुलूख येतो. चौकटीने जे काढून घेतले ते शब्दांनी परत दिले. पण घरात उलटे घडते. आपल्याकडे मुलाचा चेहरा तर शाळेच्या अर्जासाठी, शिष्यवृत्तीसाठी, आधारसाठी वारंवार काढला जातो. पांढऱ्या पडद्यापुढचे असे फोटो प्रत्येक घरात पाकीटभर सापडतील. ज्याची उणीव आहे तो मुलाचा, त्याच्या जागेसकट काढलेला फोटो. चेहरा हवाच असेल तर वेगळा काढावा, दोन्ही ठेवावेत. एकाच फोटोतून दोन्ही साधायचे असेल तर कमरेपासून किंवा मांडीच्या मध्यापासून वरची चौकट हा चांगला मध्य आहे: पडद्यावर चेहरा वाचता येतो, हात काय करत आहेत ते दिसते, आणि मागची जागा ओळखू येते.

जागा राखली म्हणजे आपोआप आदर राखला, असेही नाही. हा आक्षेप मी स्वतःच माझ्या म्हणण्यावर घेणे आवश्यक आहे. १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन आणि के यांनी संपादित केलेले ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. त्यांतल्या कितीतरी फोटोंत माणसे पायापासून डोक्यापर्यंत आहेत, पोशाख आणि हत्यारेही आहेत, तरीही ती माणसे माणसे म्हणून भेटत नाहीत. जमातीचे नमुने म्हणून मांडलेली आहेत. कोलाम, गोंड, बंजारा मुलांचे आजचे अनेक फोटो याच वाटेने जातात. दागिने, गोंदण, घराची कुडाची भिंत हे सगळे चौकटीत असते, पण ते मुलाचे म्हणून आलेले नसते, पाहुण्याला नवल वाटले म्हणून आलेले असते. कसोटी सोपी आहे. चौकटीतली वस्तू मूल वापरते का, तिच्याशी खेळते का, तिच्याकडे पाहते का? हो असेल तर ती वस्तू मुलाची आहे, ठेवावी. आपल्याला ती चित्रासारखी वाटली एवढेच कारण असेल तर ती कातरली तरी मुलाचे काही जात नाही.

याला लागूनच पसाऱ्याचा आणि गरिबीचा प्रश्न येतो. मागे विजेच्या तारा आहेत, फवारणीचे रिकामे डबे आहेत, वाळत घातलेले कपडे आहेत. हे सगळे दाखवून मुलाची गरिबी मांडायची का, असे आईबाप विचारतात, आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. मुलाला नीटनेटके दिसण्याचा हक्क आहे. पण पसारा काढण्याचा पहिला उपाय कात्री हा नाही, पाय हा आहे. दोन पावले डावीकडे सरकले की तार डोक्यामागून जाते. मुलाच्या उंचीला खाली बसले की डबे पऱ्हाटीआड जातात आणि मागे आभाळ येते. खाली बसण्याचा दुसरा फायदा असा की मूल वरून पाहिल्यासारखे खुजे दिसत नाही. एवढे करूनही जे उरेल ते कातरावे. फवारणीचा डबा मात्र मुलाच्या हाताशी असेल तर आधी फोटो थांबवून तो डबा दूर न्यावा. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले आहेत.

काही वेळा मात्र माझा नियम बाजूला ठेवावा लागतो, आणि तो कायद्याने. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार कायद्याशी संघर्षात आलेल्या, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या वा साक्षीदार असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करता येत नाही. नाव, पत्ता, शाळा आणि छायाचित्र हे सगळे त्यात येते. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याचे कलम २३ हेच सांगते. अशा वेळी चेहरा कातरून भागत नाही, कारण शाळेची पाटी, गणवेशावरचा बिल्ला, घराच्या भिंतीवरचे नाव यांवरून गावातला कोणीही मूल ओळखतो. आणि जागा कातरून फक्त चेहरा ठेवला तर ओळख सरळच उघड होते. तिथे फोटो न काढणे हाच योग्य निर्णय असतो. कायद्याच्या कक्षेत न येणाऱ्या मुलांबाबतही, विशेषतः घरात मृत्यू झालेल्या मुलांबाबत, फोटो सार्वजनिक करण्याआधी हाच विचार करावा. घरच्या भिंतीवर लावायची चौकट आणि गावाबाहेर पाठवायची चौकट एकच असण्याचे कारण नाही.

आता हाताशी ठेवण्याच्या काही गोष्टी. नंतर कातरणे आणि आधी जवळ जाणे यांचा परिणाम सारखा नसतो. चेहऱ्याची ठेवण लेन्स आणि मूल यांच्यातल्या अंतरावर ठरते. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद पाहणारी असते. तिने चौकट भरण्यासाठी हातभर अंतरावर गेले तर नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. दोन-तीन मीटरवरून काढून मग कातरले तर चेहरा जसा असतो तसा राहतो. पण कातरण्याची किंमत आहे. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्यावर आणली की चित्राचा पाव हिस्साच उरतो: १२ मेगापिक्सेलचे ३ होतात, आणि इंचाला ३०० ठिपक्यांच्या छपाईत ४००० बाय ३००० ठिपक्यांचा फोटो साडेसहा बाय पाच इंचांच्या आसपास येऊन थांबतो. कड मनगट, कोपर, गुडघा किंवा घोट्यावर आणू नये. सांध्यावर कापले की अवयव तुटल्यासारखा दिसतो, दोन सांध्यांच्या मध्ये कापले की तो चौकटीबाहेर चालू असल्यासारखा वाटतो. मूल ज्या बाजूला पाहत आहे त्या बाजूला जास्त जागा सोडावी. डोक्यावर थोडे आभाळ ठेवावे, पण इतके नाही की मूल खाली घसरल्यासारखे दिसेल. आणि मूळ फोटो कधीही पुसू नये. कातरलेली प्रत वेगळी जपावी. पुढे मुलाला किंवा गावाला कडेच्या त्या झाडाची, त्या भिंतीची गरज भासू शकते.

पुढची पाने यवतमाळ जिल्ह्यातल्या शिक्षकांसाठी, स्टुडिओ चालवणाऱ्यांसाठी, अंगणवाडीत फोटो काढावे लागणाऱ्या ताईंसाठी आणि मोबाइल हातात असलेल्या प्रत्येक आईबापासाठी आहेत. त्यांना विनंती एवढीच, की कडा आत ओढण्याआधी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर एकदा नजर फिरवावी आणि ती गेल्याने मुलाबद्दलचे काय कळायचे राहते ते स्वतःला विचारावे. मूल बोलण्याइतके मोठे असेल तर दोन्ही चौकटी त्याला दाखवाव्यात आणि कोणती हवी ते त्यालाच विचारावे. फोटो त्याचा आहे, आणि तो सर्वांत जास्त वर्षे त्यालाच सांभाळायचा आहे.